अ‍ॅडमिन परबकाका

परबकाका रोज सकाळी सातला ग्रुपवर एकच वाक्य टाकत, "आज नाय." म्हणजे 'खारफुटी' या आमच्या लाडक्या बॅण्डचा दुसरा अल्बम आजही आलेला नाही. त्याखाली तीसचाळीस अंगठे उमटत आणि आमचा दिवस सुरू होई.

बॅण्ड विक्रोळीचा, चार पोरांचा. पहिल्या अल्बममध्ये सहा गाणी, त्यातलं एक तर नुसतं दार आपटण्याच्या आवाजाचं. दुसऱ्यावर मात्र आम्ही तीन वर्षं चर्चा करत होतो. गायकाने दाढी काढल्याचा फोटो दिसला, की आता सूर बदलणार म्हणून दोन दिवस हमरीतुमरी. काका साठीचे, विक्रोळीतच त्यांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाकडून बारीक अक्षरं वाचून घ्यावीत तसे ते आमच्याकडून बॅण्डच्या फोटोतली मागची भिंत वाचून घेत. कुणी अफवा सोडली की दटावत, "पुरावो काय? नसात तर गप रव."

एकदा ग्रुपात नवा माणूस आला. त्याने लिहिलं, "मी खारफुटीचा ड्रमर. मित्रांनो, बॅण्ड मोडलाय. अल्बम येणार नाही." काकांनी त्याला मिनिटभरात काढून टाकलं. "हो मेलो बॅण्डाची बदनामी करता! खरो ड्रमर असां बोलतलोच नाय," असं जाहीरही केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

पुढे काका दुकान विकून कायमचे कुडाळला निघाले. जाण्याआधी त्यांनी मला दुकानात बोलावलं आणि माझ्या कानात इयरफोन घातला. एक अर्धवट गाणं वाजलं.

"तो ड्रमर खरोच होतो रे," काका म्हणाले. "पुरावो म्हणून माका ह्यां धाडल्यान. इतक्यांच झालां, फुडे काय नाय."

"मग ग्रुपवर सांगितलं का नाही, काका?"

"आणि मगे ही पोरां सकाळी उठान कोणाशी बोलतली?" ते इयरफोन गुंडाळू लागले. "गाणां बरां आसा. पण आमच्या गप्पांची सर नाय."

मला त्यांचा रागही आला आणि माणूस फार आवडलाही. त्यांनी तिथेच मला अ‍ॅडमिन केलं आणि ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या प्रियाने विचारलं, "नव्या अल्बममध्ये बासरी असेल का रे?" खरं सांगायला एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, "असणारच." लगेच भांडण जुंपलं, वाजवणार कोण.