गेम सुटला, पण बाबा बटणाजवळ होते

लिनक्सवाल्या मंडळींनो, डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितोय.

आई शाळेत शिकवते. सकाळपासून एकेक अक्षर शोधत तिने घरच्या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका टाईप केली. ती चहा टाकायला उठली, तर बाबांनी पत्त्यांचा गेम लावला. गेमने कीबोर्ड-माऊस असे धरले की काही केल्या सोडेना. मागे प्रश्नपत्रिका उघडीच, सेव्ह न केलेली.

तुमच्यापैकीच कोणीतरी सांगितलं होतं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आपल्या कॉम्प्युटरात शिरायचं आणि अडकलेला प्रोग्राम तेवढा मारायचा, म्हणजे बंद पाडायचा. आमच्या एव्हरशाईन सोसायटीत केबलवाल्याच्या वायरने अख्ख्या बिल्डिंगचे कॉम्प्युटर जोडलेले आहेत. "कशाला हात लावू नका," असं बाबांना बजावून वरच्या काकूंकडे धावलो.

त्यांच्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून गेम मारला. जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात कनेक्शनच तुटलं.

खाली आलो तर बाबा भिंतीवरच्या बटणाजवळ उभे. "गेम गेला रे आपोआप. म्हटलं, तरी कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केलेला बरा."

 आईने कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

अडकलेला प्रोग्राम कसा मारायचा ते तुम्ही शिकवलंत. बाबांना बटणापासून लांब कसं ठेवायचं, तेही कोणीतरी सांगा.