हेलियमचा थर आणि शिरीषचं पत्र

विष्णुपुरीच्या कॉलेजात सकाळचा तास संपवून बाहेर आलो, तेव्हा लातूरहून शिरीषच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." त्याला आता दीड महिना झाला.

शिरीष निलंग्याचा. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत आम्ही बरोबर काम करायचो. भूकंपात जमिनीच्या पाठीवरून लाट धावते, तसलीच ध्वनीची लाट नखाएवढ्या स्फटिकावरून सोडायची, स्फटिकावर द्रवरूप हेलियमचा डोळ्याला न दिसणारा थर बसवायचा आणि त्यानं लाट किती क्षीण होते ते मोजायचं. "आमच्याकडं भूकंप शिकवावा लागत न्हाई," तो म्हणायचा. लाट चांगलीच क्षीण झाली. ते थरामुळेच, असं सांगणारा आमचा निबंध छापून आला आणि त्याच्या बळावर मला नांदेडची नोकरी लागली.

वर्षभरानं तो एकदा न कळवता माझ्या घरी आला. हेलियम न सोडताच त्यानं प्रयोग पुन्हा करून पाहिला होता. "तरीबी लाट तेवढीच दबली, माधव. थराचं काहीच न्हाई त्यात. स्फटिक चिकटवलेल्या गोंदाचा खेळ हाय सगळा."

"कोण तपासणार आहे? गप्प बस," मी म्हणालो. "माझी नोकरी अजून पक्की व्हायचीय."

त्यानं चहा तसाच ठेवला. "मला न्हाई जमणार," एवढंच म्हणाला.

निबंध मागे घेतल्याची चार ओळींची सूचना त्याच मासिकात छापून आली. माझ्या नोकरीला धक्का लागला नाही. शिरीषच्या प्रयोगशाळेतल्या नेमणुकीची मुदत मात्र कुणी वाढवली नाही. तो लातूरला येऊन क्लासमध्ये बारावीचं भौतिकशास्त्र शिकवू लागला. मी वर्षानुवर्षं तिकडे फिरकलो नाही. तो रागावला असेल, असं स्वतःला सांगत राहिलो... ते सोयीचं होतं.

गेल्या आठवड्यात गेलो. वहिनींनी त्याची खोली उघडली. फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित होतं. "पुसवत नाही," त्या म्हणाल्या आणि एक फाईल माझ्या हातात दिली. "यात तुमच्याबद्दल लिहिलंय."

संपादकांना पाठवलेल्या पत्राची ती प्रत होती. स्फटिक मी चिकटवला होता, चूक सर्वस्वी माझी, असं लिहून शेवटी त्यानं म्हटलं होतं: माझ्या सहलेखकानं ही शंका आधीच बोलून दाखवली होती, मीच ऐकलं नाही.

त्या पत्रातलं तेवढं एकच वाक्य खोटं आहे. शंका शिरीषची होती. ऐकलं नाही ते मी.