कपाटातला कोड

शाळेच्या शिपाईमावशींना सगळे ‘जप्ती’ म्हणत. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची कोणाची छाती! एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कॉपी सुटली नव्हती. मोज्यातली, केसांतली, बाटलीच्या लेबलामागची, सगळ्या जागा तोंडपाठ. दोन महिन्यांनी निवृत्ती, आणि सेवापुस्तकावर ठपका म्हणून नाही. याचा त्यांना कोण अभिमान!

यंदा त्यांची सूनच दहावीला बसली होती. वय तेहतीस, खेप तिसरी. दवाखान्यातली नोकरी ठरल्यातच जमा होती, घोडं अडलं होतं प्रमाणपत्रापाशी. नात्यातलं कोणी परीक्षेला असेल तर कळवा, असा नियम. मावशींनी स्वतःहून कळवलं आणि वर्गावरून फाटकावर आल्या. तिथे सकाळी सुनेची अशी झडती घेतली की ती रडकुंडीला आली.

“आई, बसचं तिकीट आहे हो ते!”

“आकडे आहेत ना त्यावर? दे इकडे.”

पेपर फुटू नयेत म्हणून यंदा वरून दोन परिपत्रकं आली होती. पहिलं असं, की कोणाचाही मोबाइल आत नको, अगदी मुख्याध्यापिकेचाही. सगळे फाटकावरच्या कपाटात, आणि शेवटची उत्तरपत्रिका जमा होईपर्यंत कपाट उघडायचं नाही. दुसरं असं, की प्रश्नपत्रिकांच्या पेटीला नवं कुलूप, आणि त्याचा कोड पावणेअकराला मुख्याध्यापिकेच्या मोबाइलवर येईल. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. आता बोला!

पावणेअकराला कपाटात ‘टुंग’ वाजलं. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई धावतच फाटकावर आल्या.

“मावशी, फोन द्या.”

“दोनला.”

“अहो, पेपर अकराला आहे!”

“बाई, नियम तुम्हीच वाचून दाखवलात. मोठ्याने.”

बाईंनी ऑफिसातल्या लँडलाइनवरून वरती फोन लावला. उत्तर मिळालं, कोड मोबाइलवर पाठवलाय, मोबाइल बघा. आणि साडेअकरापर्यंत पेटी उघडली नाही, तर या केंद्राचा पेपर रद्द. पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी.

सव्वाअकरा झाले. वर्गांत दोनशे पोरं कोरी पानं बघत बसलेली. मावशींना फाटकासमोरच्या वर्गाच्या खिडकीतून सून दिसली. डोळे मिटून ओठ हलवत होती, पाठ केलेलं सांडू नये म्हणून. दवाखाना काही सहा महिने थांबणार नव्हता. पहाटे चारला उठून, पोरांचे डबे करता करता भिंतीला चिकटवलेली सूत्रं म्हणणारी ही बाई. मावशींनी कंबरेची किल्ली ओढून काढली.

“मरो ते परिपत्रक!” म्हणत त्यांनी कपाट उघडलं.

अकरा बावीसला पेटी उघडली. बुडालेली बावीस मिनिटं बाईंनी शेवटी वाढवून दिली. पेपर सुरळीत पार पडला.

मग राहिली नोंदवही. ‘नियमभंग कोणी केला’ या रकान्यात मावशींनी ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. पुढे ‘कारण’ होतं. तिथे त्यांनी लिहिलं, ‘सून.’

मोठ्या बाई हादरल्याच. “अहो, असं काय लिहिता? तांत्रिक अडचण म्हणा! मी सही करते, कोणाला कळतंय? निवृत्तीच्या तोंडावर ठपका कशाला?”

मावशींनी पेनाचं टोपण लावलं.

“बाई, एकतीस वर्षं पोरांच्या हातातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या मी,” त्या म्हणाल्या. “आता तुमची बघून लिहू?”