पाच दातांचं दाताळं

निनियन गौर्लेनं उभा जन्म दुसऱ्यांचे सिंह रंगवण्यात घालवला. सिंह, गरुड, हरणं, बुरूज. एडिंबराच्या कचेरीतून कागद यायचा, कुणाला ढालीवर काढायला कसलं मानचिन्ह मंजूर झालं ते त्यात असायचं, आणि हा फाइफच्या किनाऱ्यावर, आमच्या गावात, मासळीच्या वासात बसून बड्या लोकांच्या ढाली रंगवायचा. पन्नाशीला त्याला स्वतःचं मानचिन्ह मिळालं. गावाला वाटलं, आता हा निदान एखादा गरुड तरी घेईल. यानं काय घ्यावं? निळ्या ढालीवर एक रुपेरी शिंपला! खडकाला चिकटून बसतो, सुरी घातली तरी चटकन सुटत नाही, तो. त्याची आई विधवा होती. असले शिंपले काढून गळाला लावायला विकायची आणि त्यावर पोराला वाढवायची. कुणी अर्थ विचारला तर निनियन म्हणायचा, धरलं की सोडायचं नाही, बस.

आता आमच्याकडे मानचिन्ह आडनावाचं नसतं, एकेका माणसाचं असतं. बाप जिवंत आहे तोवर थोरल्या मुलाला तेच लावायचं असेल, तर ढालीच्या वरच्या अंगाला एक आडवी पट्टी काढावी लागते, खाली तीन दात असलेली. गावात तिला सगळे दाताळंच म्हणतात, दिसतंही तसंच. बाप गेला की दाताळं पुसायचं. दाताळं आहे म्हणजे बाप आहे.

निनियनच्या थोरल्या मुलानं, गॅव्हिननं, विसाव्या वर्षी आपल्या होडीवर शिंपला रंगवला आणि दाताळं काढलंच नाही. विसरला असेल, नाहीतर ऐट असेल. त्या वयाच्या माणसाचं काय सांगावं. पण निनियनच्या मस्तकात तिडीक गेली. भर धक्क्यावर, सगळ्या कोळ्यांदेखत, त्यानं खरवडायची पट्टी घेतली आणि खालचं लाकूड दिसेपर्यंत ती ढाल खरवडून काढली. "मी अजून मेलो नाही," एवढंच म्हणाला. महिन्याभरात होडी विकून गॅव्हिन टास्मानियाला निघून गेला.

त्याला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत निनियननं मुलाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं! पण टपालाच्या वेळेला तो खिडकीशी असायचाच, बायकोला पुरलं त्या दिवशीसुद्धा. जीव नुसता तुटायचा त्याचा. पोरगं परत यावं एवढी मोठी आशा त्यानं केव्हाच सोडली होती. जगाच्या त्या टोकाला आपल्याला अजून बाप धरतात की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. मग डोळे गेले, ब्रश ठेवला, तरी खिडकी सुटली नाही.

शेवटी एफीला, त्याच्या मुलीला, बघवेना. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई ती, तिला ढालीबिलींतलं काही कळत नाही. तिनं बापाला न सांगता भावाला लिहिलं, बाबांना आता दिसत नाही. मार्चमध्ये एक पाकीट आलं. आत एक फोटो, मागं तीन शब्द: होडी तरंगते. गॅव्हिन.

"बाबा, गॅव्हिनचा फोटो आलाय," एफी म्हणाली. "छोटीशी होडी आहे. मागच्या फळीवर तुमचा शिंपला काढलाय."

निनियननं चहाचा कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

"वर काय आहे?"

एफी अडखळली. तीन दात सांगून मोकळं व्हावं असं तिच्या मनात आलं. त्याला कुठं दिसणार होतं? पण या माणसाशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"दाताळं आहे," ती म्हणाली. "पण चुकलाय गाढव. पाच दात काढलेत."

"पुन्हा मोज."

तिनं बोट ठेवून मोजले. पाचच होते.

एफीला वाटलं, आता भडकणार.

"चुकला नाही तो," निनियन म्हणाला. "तीन दात मुलाचे. पाच दात नातवंडाचे. बाप आणि आजा, दोघं जिवंत असले म्हणजेच पाच काढतात."

एफीनं पाकीट पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. मुलगा की मुलगी, केवढं, नाव काय, काही म्हणजे काही कळवलं नव्हतं पठ्ठ्यानं.

"दात सरळ आहेत का गं?" निनियननं विचारलं.

"चार सरळ आहेत. शेवटचा वाकडाय. रंगही ओघळलाय खाली."

"गॅव्हिनचा हात वाकडा जात नाही. मी शिकवलाय त्याला." बोलता बोलता म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही. "नातवंडानं स्वतः काढलंय ते."

एफी कागद शोधायला उठली. काय लिहू, म्हणून तिनं विचारलं. एकतीस वर्षांचं साचलेलं, तिला वाटलं पानंच्या पानं लागतील.

"लिही," निनियन म्हणाला, "तो वाकडा दात खरवडू नकोस म्हणावं."