तेरा उंबऱ्यांची होळी

आमचं गाव नकाशात शोधू नका, मी शोधून दमलेय. जासईच्या पुढे, खाडीच्या अंगाला, सपाट रानात तेरा उंबरे. लग्न होऊन करावे गावी आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "गाव हाय का पाडा?" मी म्हटलं, "आमची होळी वेगळी असते." त्यांनी 'मग गावच' म्हणून मान डोलावली. ज्या वस्तीची स्वतःची होळी, ते गाव. आमच्याकडे हे सगळ्यांना मान्य आहे.

लहानपणी चारी बाजूंना नुसती शेतं. कापणीनंतर दूरच्या बांधावर पाहुणा दिसला, की तो घरी पोचेपर्यंत आमचा भात शिजून व्हायचा. कोणाच्या चुलीवर कसलं कालवण आहे, ते गावभर ठाऊक. भांडणं तर पाचवीला पुजलेली. पण होळीच्या संध्याकाळी प्रत्येक उंबऱ्याचा एक हात होळीसाठी तोडून आणलेल्या सावरीच्या झाडाला लागायचाच. दोर ओढून झाड खड्ड्यात उभं करायचं काम पुरुषांचं. आम्ही पोरी लांबून ओरडायचो. लग्न झालेली लेक तर दोराला शिवायचीही नाही, कारण ती आता दुसऱ्या गावच्या होळीची. या नियमाचा मला तेव्हाही राग यायचा.

आता तीन बाजूंना कंटेनर यार्डाच्या भिंती आहेत. घरं तेराच, पण दुमजली, टाइल्सवाली. मालक उलव्याला नाहीतर पनवेलला फ्लॅटमध्ये, वरच्या मजल्यांवर भाडेकरू ट्रक ड्रायव्हर. गावची म्हणावीत अशी माणसं उरली ती माझी काकी आणि तिच्या वयाचे चारदोन म्हातारे.

यंदा शेजारच्या मोठ्या गावातून निरोप आला, "कशाला दमता? आमच्याच होलीला या." प्रेमानेच आला होता, पण काकीला तो झोंबला. "होली गेली का गाव गेला समज," ती फोनवर म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी सासरची होळी सोडली आणि माहेर गाठलं. माझ्यासारख्या आणखी काही लेकी आल्या होत्या.

माझा भाऊ यार्डात क्रेन भाड्याने देतो. "काकी, टेन्शन नको घेऊ," म्हणत त्याने क्रेनच आणली. पट्टा बांधला, झाड उचललं, खड्ड्यात सोडलं. हातातला चहा निवायच्या आत होळी उभी! कोणी ओरडलं नाही, कोणाला घाम आला नाही. भाऊ कंबरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत होता.

काकी पुरणपोळीचं ताट घेऊन आली. झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाली, "कोनी उबी केली?"

"क्रेननी."

"मंग निवद बी तिलाच दाखव." तिने ताट झाकलं. "आडवी कर ती."

"अगं, पन उबी करायला हात कुटं हायेत आपल्याकडं?"

भावाचं खोटं नव्हतं. दोन म्हातारे तर काठीशिवाय उभेही राहत नव्हते. काकीने आम्हा लेकींकडे मान वळवली. "ह्या कुटल्या गावच्या?"

"त्या आता सासरच्या," भाऊ म्हणाला.

"जल्मल्या कुटं?"

भावाने क्रेनने झाड आडवं केलं आणि पट्टा सोडून त्याला दोर बांधला. काकीने पदर खोचला आणि दोराचं टोक आधी स्वतःच धरलं. "आगो, बगताव काय? धरा!"

मी धरला. त्या काथ्याला जन्मात पहिल्यांदा माझा हात लागत होता. झाड दोनदा परत खाली आलं. भाऊ दोर ओढायचा सोडून सूचनाच देत होता, त्याला काकीने शिवी हासडली. तिसऱ्या वेळी सगळ्यांचा एकच "हैशा" निघाला आणि सावर उभी राहिली, जराशी यार्डाच्या भिंतीकडे कललेली. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

होळी पेटल्यावर निरोप धाडणारे शेजारगावचे पाटील नारळ घेऊन आले. ज्वाळांकडे बघत म्हणाले, "काकी, कवरी मानसं रायली आता गावान?"

"थांबा, लेकी धरून सांगते," काकी म्हणाली, आणि तिने मोजायला माझ्यापासून सुरुवात केली.