बिर्केवर कोण गाणार?

बिर्केच्या जिभेला हाड नव्हतं, हे पंचक्रोशीतल्या जित्यांना ठाऊक होतं आणि मेलेल्यांना तर जास्तच. इथिओपियातल्या त्या गुरागे मुलखात कुणी गेलं की हिलाच बोलावणं यायचं. प्रेताशेजारी बसून जागच्या जागी ओळी जुळवत ती असा विलाप गायची, की वैऱ्यांनीही डोळे पुसावेत. खोड एकच. मेलेल्याबद्दल खोटं गायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी थोरला दीर गेला. हिनं त्याची गुरं गायली, त्याची ताकद गायली, आणि मग गायलं की पाहुण्याच्या कॉफीत हा लोणी नखानं घालायचा. रडणाऱ्या बायांनी हसू दाबायला शालीत तोंडं खुपसली. त्याची बायको, म्हणजे हिची थोरली जाऊ, आस्नाकेच तिचं नाव, मात्र त्या दिवसापासून हिच्याशी बोलली नाही.

आता बिर्केची सत्तरी उलटली आणि एकच घोर लागला. आपल्यावर कोण गाणार? पोरी अदिस अबाबात, अम्हारी भाषेत भांडायच्या नि अम्हारीतच रडायच्या. विलापाची रीत जाणणारी गावात दुसरी एकच उरली होती, आणि ती पडली हीच अबोला धरलेली जाऊ.

अशात विद्यापीठातला मेसाय रेकॉर्डर घेऊन आला. आजोबा इथलेच, पण नातवाला गुरागे भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तो आता पगार घेऊन ती शिकत होता.

"आजी, एक विलाप गा ना."

"मेलंय कोण?"

"कुणी नाही."

"मग गाऊ कशावर? मयताशिवाय गायलं तर मरण घर शोधत येतं. तू होतोस आडवा?"

"माझं अजून लग्न व्हायचंय, आजी!"

शेजारच्या अंगणात आस्नाकेच केळीसारख्या एन्सेटचं खोड खरवडत होती. हातातली बांबूची पट्टी टाकून ती तरातरा आली आणि चटईवर उताणी पडली.

"मेसाय, तिला सांग, मी झालेय आडवी. पण म्हणावं, खोटं गायचं नाही."

बिर्के चटईशेजारी बसली. तिनं सुरुवात केली. आस्नाकेचचं घोरणं गायलं, खारट कालवण गायलं. मग आपल्या पहिल्या बाळंतपणात सात दिवस उशाशी बसलेली जाऊ गायली, आणि तिथं सूर तुटला. तिनं कसाबसा शेवट केला.

"आजी, मयत रडतंय," मेसाय पुटपुटला.

"रडू दे मेलीला. ते यंत्र बंद नको करूस."

आस्नाकेच उठली, नाक शिंकरलं. "आता तिला सांग, आडवी हो."

बिर्के आडवी झाली. नऊ वर्षांचा राग म्हातारी आज पुरता वसूल करणार, यात तिला शंका नव्हती.

आस्नाकेचनं बिर्केची भांडणं गायली, चहाडखोरपणा गायला. मग सूर खाली आला.

"माझा नवरा कंजूष होता. चाळीस वर्षं मी अर्धपोटी झोपले आणि कुणाला बोलले नाही. तू गायलीस. लाजेनं मी तुझं तोंड पाहिलं नाही. आता तू गेलीस, माझं खरं कोण गाईल गं?"

बिर्केनं डोळे मिटलेलेच ठेवले. "मग नऊ वर्षं काय दातखीळ बसली होती का गं तुझी?"

"गप्प पड," आस्नाकेच तिचा हात धरत म्हणाली. "मयतानं बोलू नये."