बाई वर्गाबाहेर उभ्या राहिल्या

आमच्या विज्ञानाच्या बाईंना एका जागी बसवत नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता त्या कपाटाची कुरकुरणारी बिजागरी खोलून बसतात. तेवढ्यात घंटा होते, बाई पळतात आणि तेलकट बिजागरी माझ्या वह्यांवर. पोरं त्यांना ‘खटपट’ म्हणतात. ते नाव मीच ठेवलंय, हे बाईंना अजून माहीत नाही.

दर गुरुवारी नववीला त्या एक वेगळाच तास घ्यायच्या. पुस्तक नाही, फळा नाही. एखादी खरीखुरी अडचण द्यायची आणि मुलांनीच वाट काढायची. मी गणिताचा. मला तो तास हवा होता आणि तसं मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलंही होतं. शेवटी ते बाईंना म्हणाले, “या गुरुवारी मी येऊन बसतो. मुलं स्वतःचं डोकं चालवताना दिसली नाहीत, तर तास गणिताला.”

आदल्या दिवशी मी बोलून गेलो, “बाई, तुमची मुलं प्रश्नाकडे बघतच नाहीत. तुमच्या भुवईकडे बघतात. ती वर गेली की उत्तर बरोबर.”

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेण्याइतकं नाही.

गुरुवारी मुख्याध्यापक वर्गात येऊन बसले आणि बाईंनी अडचण दिली: मधल्या सुट्टीत पाण्याच्या चार नळांवर एवढी रांग लागते की निम्मी मुलं तहानलेलीच परततात. काय करायचं? एवढं सांगून बाई चक्क बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात मी होतोच. काम काही नव्हतं, नाक खुपसायची खोड.

आत चिडीचूप. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाई पेनाचं टोपण चावत येरझारा घालत होत्या. दोनदा त्यांचा हात कडीपर्यंत गेला.

“एकच शब्द सांगून येते, सर.”

“नका,” मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. आपल्याच पायावर धोंडा!

मग आत बाकं सरकली, आवाज चढले, चांगलं कडाक्याचं भांडण जुंपलं. थोड्या वेळाने मुख्याध्यापकांनी दार उघडून आम्हाला आत घेतलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी होती. दोन वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

“नळ पुरतात, सर. सगळ्या वर्गांना एकदम सोडतात म्हणून रांग लागते. खालच्या वर्गांना दहा मिनिटं आधी सोडा. वेळापत्रक कोण करतं?”

वेळापत्रक अकरा वर्षं मीच करतोय. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

“तास राहू द्या,” मुख्याध्यापक हसत म्हणाले आणि निघून गेले.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या बाहेर येऊन कठडा धरून उभ्या राहिल्या.

“मी त्यांना ‘दोन नळ वाढवा’ इथवर नेणार होते. तेच उत्तर बरोबर, असं मी धरून बसले होते.” त्यांचे डोळे भरून आले. “सर, इतक्या वर्षांत मी कुणाकुणाला असं मधेच वळवलं असेल हो?”